बिनअंड्याची न्याहारी

हॅगथॉर्प, यॉर्कशर
मंगळवार, ८ नोव्हेंबर २०११

प्रिय डोरीन,

हे पत्र मिळेल तेव्हा तू आणि क्लिफ दोघंही धडधाकट असाल असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. इकडे थंडी पडली आहे. तुमच्याकडे समुद्राचा वारा, म्हणजे दात वाजत असतील.

अक्षर ओळखून पाकीट चुलीत टाकलं नसलंस तर पुढे वाच. पंधराव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा जशी गिचमिड होती तशीच आहे. लिॲन म्हणाली, "आजी, तू सांग, मी टाइप करते." म्हटलं, तू तुझे टोमॅटो काप. लिॲन म्हणजे माझ्या केविनची मुलगी. तू तिला पाहिलेलं नाहीस. तेवीस वर्षांची आहे, कॅफेत माझ्या हाताखाली असते, आणि हाताखाली आहे असं तिला अजिबात वाटत नाही.

पत्ता सिडनी ओल्डरॉइडच्या अंत्यविधीच्या वहीतून उतरवून घेतला. चॅपलच्या दाराशी ठेवतात ना, नावं लिहायला. क्लिफनं अगदी तळाला, कोपऱ्यात लिहिला होता. सगळी पानं मोकळी असताना कोपऱ्यात.

माझा नवरा, अर्नी, गेला ते तुला कळलं असेल. आठ वर्षं झाली. छातीच, दुसरं काय. खाणीच्या जागी आता मोठं गोदाम आहे, लोकांनी मागवलेले बूट आणि दिवे तिथून सुटतात. जमिनीखालून काही येत नाही आता. जे येतं ते ट्रकमधून.

कॅफे चालू आहे. चाळीस वर्षं झाली. पदार्थांची पाटी अजून लावलेली नाही. माणूस बसतो, म्हणतो, "पूर्ण," म्हणजे पूर्ण न्याहारी, की झालं. लिॲनला पाटी हवी आहे आणि तिच्यावर किसलेल्या बटाट्याच्या त्या गोठवलेल्या अमेरिकन वड्या हव्या आहेत. म्हणते, सगळीकडे न्याहारीत देतात. म्हटलं, माझ्या शवपेटीशेजारी तळ हवं तर, मी उठून बसेन आणि बंद करायला लावेन.

तुला आठवत असेल, आईच्या लेखी न्याहारीत सात वस्तू. बेकन, सॉसेज, रक्ताचं काळं पुडिंग, टोमॅटो, मशरूम, चरबीत तळलेला पाव आणि अंडं. आठवं काही दिसलं की म्हणायची, "हे कोण पाहुणं बसलंय?" सॉसेज आधी, कारण त्याला घाई चालत नाही. मग बेकन, म्हणजे त्याची चरबी बाकीच्यांना मिळते. मग पुडिंग, मग टोमॅटो कापलेली बाजू खाली करून, मग मशरूम. उरलेली सगळी चव पावानं पुसून घ्यायची. आणि ताटलीच्या मधोमध जागा ठेवायची. अंडं सगळ्यांत शेवटी, चमच्यानं गरम चरबी वरून सोडत, पिवळ्यावर पांढरी साय धरेपर्यंत. बाबा रात्रपाळी करून यायचे, डोळ्यांभोवती कोळशाची काजळी तशीच, आणि त्या ताटलीपुढे टोपी काढून बसायचे. चॅपलमध्येसुद्धा त्यांना टोपी काढायची आठवण करावी लागायची.

मी देवाधर्माची बाई नाही, तुला ठाऊक आहे. पण ताटली पूर्ण झाली की मी अजून क्षणभर हात थांबवते. सात वस्तू, प्रत्येकीला वेगळा वेळ लागतो, आणि सगळ्या एकाच क्षणी गरम. रोज तीस-चाळीस वेळा करते, तरी हे जमतं कसं ते मला नीट कळलेलं नाही. हात करतात, मी बघत राहते.

तू बीन्ससाठी भांडायचीस. मी म्हणायचे, डब्यातलं लाल पाणी पसरतं आणि पावाचा सत्यानाश होतो. तर ऐक. पंचाऐंशी सालापासून मी बीन्स वाढते. वेगळ्या वाटीत, पण वाढते. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. घे, लिहून दिलं.

क्लिफ कॅफेत आला होता, त्यानं सांगितलं असेलच. न्याहारी केली, चॅपलला गेला. एवढंच.

बाकी काही विशेष नाही. टपालाची वेळ झाली


गुरुवार, १० नोव्हेंबर

टपालाची वेळ झाली नव्हती. अजून तासभर होता. मी पेन खाली ठेवलं आणि भांडी घासत बसले.

काल पत्र परत वाचलं. चार पानं लिहिली आणि त्यात माफी मागितली ती बीन्सची. अर्नी असता तर म्हणाला असता, विनी, तू छत कोसळलेल्या ठिकाणी जाऊन दिवा पुसतेस.

तर गेल्या शुक्रवारचं, क्लिफ आला त्या दिवसाचं सांगते. क्लिफनं तुला सांगितलं नसणार, हे मला आता पक्कं कळलंय.

सकाळचे साडेसात. नेहमीचे अकराजण बसले होते. सगळे खाणीतले, सगळे संपाचं अख्खं वर्ष बाहेर राहिलेले. सिडनीच्या अंत्यविधीसाठी काळे कोट घालून आले होते, त्यामुळे गोठलेल्या कावळ्यांची रांग दिसत होती. सिरिल हॉइल तुला आठवेल, संपात खाणीच्या गेटवर सगळ्यांत पुढे उभा असायचा. आता दोन काठ्या घेऊन चालतो, पण आवाज तोच. त्याच्याशेजारी लेन बॅट्टी. कानानं ठार बहिरा झालाय, आणि त्याला वाटतं बाकीचे पुटपुटतात.

मी तव्यापुढे होते, पाठ दाराकडे. दार वाजलं आणि मागची बडबड तुटली. कमी नाही झाली, तुटली.

वळून बघते तर क्लिफ. केस सगळे गेलेत, पण उभा अजून सरळ राहतो. टोपी हातात. त्यानं कुणाकडे बघितलं नाही आणि मान खालीही घातली नाही. खिडकीजवळच्या एकट्या टेबलाशी बसला आणि म्हणाला, "पूर्ण, विनी." काल सकाळीच येऊन गेल्यासारखा.

इथलं तुला काय सांगू. सव्वीस वर्षांत त्याचं नाव कुणी तोंडातून काढलेलं नाही. ह्या अकरातला रेजी पिकल्स आपल्या सख्ख्या भावाच्या शवपेटीमागे चालला नाही, कारण भाऊ संप सुटायच्या तीन आठवडे आधी खाणीत कामावर आत गेला होता. तीन आठवडे. क्लिफही संप मोडणाऱ्यांना नेणाऱ्या त्याच बसमधून गेला होता. अशा अकरा माणसांत तो एकटा येऊन बसला, कारण सिडनी आणि तो सतरा वर्षं एकाच भिंतीला कोळसा खोदत होते आणि सिडनीला पोचवायला उपाशीपोटी जायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं. मी पुष्कळ धाडसं बघितली आहेत. पेटलेल्या बोगद्यात माणसं परत शिरलेली बघितली आहेत. पण त्यांच्यामागे गाव उभं होतं.

मी सॉसेज टाकली. दुसरं काय करणार.  तव्याचा आवाज तेवढा. बेकन, पुडिंग, टोमॅटो, सगळं ताटलीत लावलं. मधली जागा ठेवली. अंडं हातात घेतलं.

तेव्हा सिरिल बोलला. क्लिफशी नाही, माझ्याशी.

"त्याला अंडं कशाला, विनी? त्यांच्या घरी अंडी परत नेतात. पोरांच्या पुढ्यातून उचलून."

लेन म्हणाला, "सात डझन." हे बरं ऐकू गेलं त्याला.

डोरीन, क्लिफनं मान वर केली आणि स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीतून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मी सहन केलं असतं, राग मला समजतो. तो फक्त बघत होता. आणि मला कळलं, त्याला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. तुम्हा दोघांना. एक वाक्य, बस. एका वाक्यात त्यानं मला त्या अकराजणांपुढे उघडं केलं असतं, आणि ते खरं असतं.

तो म्हणाला, "बिनअंड्याचं दे, विनी. मला चालेल."

मी अंडं परत टोपलीत ठेवलं आणि तशी ताटली दिली.

त्यानं सगळं खाल्लं. सावकाश, नीट, पावानं ताटली पुसून. सुरी-काटा जोडून ठेवला. ताटली स्वतः वाढायच्या खिडकीपर्यंत घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "डोरीन बरी आहे. तू विचारलंस तर सांग म्हणाली होती."

मी म्हटलं, "मी विचारलं नाही."

"माहीत आहे," म्हणाला, आणि गेला.

आता ते लिहिते, जे तुला माहीतच आहे. तुला नव्यानं कळावं म्हणून लिहीत नाही. माझ्या हातानं कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून लिहिते.

फेब्रुवारी पंचाऐंशी. संपाचा अकरावा महिना. संपवाल्यांच्या पोरांसाठी आपण बायका गावच्या हॉलमध्ये चालवायचो त्या स्वयंपाकघरात बटाट्याचं पातळ सूप आणि पाव, पाव आणि सूप. मग टेकडीपलीकडच्या त्या शेतकऱ्यानं दोन डुकरं दिली. पर्सी खाटकानं बेकन मुरवलं, सॉसेज भरली, रक्तात जव घालून पुडिंग केलं, एक थेंब वाया घालवला नाही. गोदी कामगारांकडून टोमॅटो आणि बीन्सचे डबे आले. मशरूम कुणी आणले ते कुणी विचारलं नाही. आणि आपल्यातल्या मॉलीच्या लक्षात आलं की सगळं जमतंय. वर्षात पहिल्यांदा, पोरांना पूर्ण न्याहारी. फक्त अंडी नव्हती.

तू म्हणालीस, अंडी माझी. तुझ्या चौदा कोंबड्या, दहा दिवस, घरात एक अंडं न खाता. सात डझन, कपड्यांच्या टोपलीत, पेंढा घालून. गुरुवारी संध्याकाळी घेऊन आलीस तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. चौऱ्याऐंशी अंडी. मी आयुष्यात अंड्यांकडे तसं कधी बघितलं नव्हतं. मॉली रडली. मी नाही रडले, पण मोजली दोनदा, विश्वास बसेना म्हणून.

शुक्रवारी क्लिफ खिडक्यांना जाळी लावलेल्या त्या बसमधून आत गेला.

तुमच्या लहानग्या जॅनेटची छाती शिट्टी वाजवत होती, मला माहीत होतं. घर तापवायला तुम्ही जिन्याचा कठडा जाळला होता, तेही माहीत होतं. मी तो कठडा नसलेला जिना चढून तिला बघायला आले होते. हे सगळं मला माहीत होतं आणि त्या दिवशी मी ते माहीत नसल्यासारखं केलं.

शनिवारी पहाटे पाचला हॉल उघडायला मी एकटी गेले. टोपली बघितली. मला वाटलं, फितुराच्या घरचं अंडं मी पोरांच्या तोंडात घालणार नाही. टोपली उचलली, तुझ्या मागच्या दाराशी आले आणि एकेक करून फोडली. चौऱ्याऐंशी. इतका वेळ लागतो त्याला की मध्ये राग संपतो, आणि तरी मी थांबले नाही. शेवटच्या दोनेक डझनांना राग नव्हताच, नुसता हात चालत होता. तू स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होतीस. गाऊनवर शाल. तू काच ठोठावली नाहीस, हाक मारली नाहीस.

हॉलवर परत आले. बायका जमल्या होत्या, तवे तापले होते. मॉलीनं विचारलं, "अंडी कुठायत?"

मी म्हटलं, "डोरीननं परत नेली."

इतकंच. पण ते बाहेर पडलं आणि पोरांच्या ताटल्या लागल्या. ऐंशीवर ताटल्या, आणि सवयीनं प्रत्येकीत मधोमध जागा सोडलेली. पोरं हसत खात होती, त्यांना काय. पण बायांनी प्रत्येक ताटलीतली ती जागा बघितली आणि तुझं नाव घेतलं.

क्लिफ आत गेला ते कदाचित पाच-दहा वर्षांनी विरलं असतं. दुसरेही गेले होते. पण पोरांच्या तोंडचं अंडं काढणारी बाई, तिला माफी नव्हती. दुकानात तुला पाव मिळेना. जॅनेटला शाळेत काय म्हणायचे ते मी ऐकलंय. तुम्ही दीड वर्षात गाव सोडलंत, कोंबड्या शेजारच्या गावात देऊन टाकल्यात. आणि त्या दीड वर्षात, आणि नंतरच्या पंचवीस वर्षांत, तू एकदाही कुणाला सांगितलं नाहीस की, जा, माझं मागचं अंगण बघा, विनीनं काय केलंय ते बघा. पिवळं तिथे दगडांत आठवडाभर होतं. एकाला दाखवलं असतंस तरी पुरलं असतं.

का नाही दाखवलंस?

मी ह्यावर शुक्रवारपासून विचार करते आहे. माझं डोकं लहान आहे, शाळा कमी. एवढंच कळलं की त्या वेळी मला गावात दुसरं काही नव्हतं. अर्नी संपावर, कॅफेला गिऱ्हाईक नाही, बायकांचं स्वयंपाकघर तेवढं माझ्या हातात, लोक माझं ऐकायचे. ते गेलं असतं तर मी गेले असते. तुमचं गेलेलंच होतं. तू बहुतेक दोघींतली एक तरी उरावी असं बघितलंस. तसं असेल, तर एवढं मोठं काही मी माझ्या आयुष्यात बघितलेलं नाही, आणि त्याच्या शेजारी सव्वीस वर्षं राहूनही ते मला दिसलं नाही.

तसं नसेल तर नसेल. तू नुसती थकली असशील. तेही चालेल.

आता प्रश्न असा, की मी त्या अकराजणांना सांगायचं की नाही. कॅफे हे माझं सगळं आहे आणि ते अकराजण म्हणजे कॅफे आहे. लिॲनला मागे ठेवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. आज सकाळी तोंड उघडलं आणि विचारलं, "सॉस हवा का?"


रविवार, १३ नोव्हेंबर

सांगितलं. काल.

आधी वाटलं, एकट्या सिरिलला सांगावं, तो पसरवेल. मग म्हटलं, खोटं मी सगळ्यांपुढे सांगितलं होतं. अकरा ताटल्या वाढून झाल्या, सगळे खायला लागले, तेव्हा उलथनं टेबलावर आपटलं आणि म्हटलं, "डोरीननं अंडी परत नेली नव्हती. मी फोडली. तिच्या दारात, सगळीच्या सगळी. आणि तुम्हाला खोटं सांगितलं."

लेन म्हणाला, "काय म्हणतेय ती?"

कुणी त्याला सांगेना. मग मलाच त्याच्या कानाशी जाऊन परत सांगावं लागलं, ओरडून. डोरीन, खोटं एकदा सांगून सव्वीस वर्षं पुरलं, खरं मात्र दोनदा सांगावं लागलं.

लिॲन दारात उभी होती, हातात केटली. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं. तिच्याकडे बघायचं मी टाळलं.

सिरिलनं काटा ठेवला. त्यानं चाळीस वर्षांत माझ्याकडे बेकनची कातडीसुद्धा टाकलेली नाही. अर्धी ताटली तशीच ठेवून तो उठला, काठ्या घेतल्या आणि गेला.  त्याच्यामागे रेजी. मग बाकीचे. खुर्च्या मात्र प्रत्येकानं नीट आत सरकवल्या. ते मला जास्त लागलं.

लेन शेवटपर्यंत बसला. म्हणाला, "वाया कशाला घालवू." सगळं संपवलं, तोंड पुसलं आणि म्हणाला, "आमच्या सूझननं तुमच्या त्या जॅनेटला शाळेत जिन्यावरून ढकललं होतं. दात पडला होता तिचा. मी घरी सूझनला शाबासकी दिली होती, विनी." आणि गेला.

लिॲननं ताटल्या उचलल्या. घासून झाल्यावर म्हणाली, "आजी, तू असं केलंस?"

"केलं."

"आणि मला बटाट्याच्या वड्यांवरून नैतिकता शिकवतेस."

 ती बरोबर होती.

उद्या सोमवार. कोण येईल माहीत नाही. पाव मात्र नेहमीएवढाच मागवला आहे. कमी मागवायला हात होईना.


मंगळवार, १५ नोव्हेंबर

काल साडेसातला कुणी नाही. पावणेआठला कुणी नाही. लिॲन म्हणाली, "आजी, चहा तरी घे." मी म्हटलं, तवा तापलाय, गप्प बस.

आठला पाच कमी असताना ते आले. अकराच्या अकरा, एकत्र, पाळीवर जायचे तसे. कुठेतरी भेटून, बोलून आले होते हे दिसत होतं. आपापल्या खुर्च्यांवर बसले.

मी वाढायच्या खिडकीत उभी. 

सिरिल म्हणाला, "पूर्ण. अंडं सोडून."

रेजी म्हणाला, "तेच. अंडं नको."

असे एकामागून एक, रांगेनं. अकरा माणसं. लेननं तर ओरडून सांगितलं, रस्त्यावर ऐकू गेलं असेल, "मला बिनअंड्याचं."

मी म्हटलं, "हा काय चावटपणा आहे?"

"चावटपणा नाही," सिरिल म्हणाला. "आम्ही त्या माणसाला अंड्यावरून बोललो, ते आमचं चुकलं. तो इथे बसून अंडं खाईल तेव्हा आम्ही खाऊ. तोवर नाही."

"आणि तो गेटातून आत गेला ते?"

"ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यानं माझ्याशी बोलायची गरज नाही, मीही बोलणार नाही. ते वेगळं, हे वेगळं." मग म्हणाला, "तिकडे त्या टेबलाशी बसून खाऊ दे की. मी भिंतीकडे तोंड करून बसेन."

मी विचारलं, "आणि माझं काय?"

"तुझं डोरीन ठरवेल. आम्ही कोण?"

मी अकरा ताटल्या लावल्या. सॉसेज, बेकन, पुडिंग, टोमॅटो, मशरूम, पाव, बीन्स वाटीत. आणि अकरा ताटल्यांत मधोमध नुसती पांढरी चिनी माती. त्यांनी टोप्या काढल्या आणि खाल्लं, आणि कुणी त्यावर एक विनोद केला नाही. हे लोक विनोद केल्याशिवाय खोकतसुद्धा नाहीत. डोरीन, मी चाळीस वर्षं लोकांना पोटभर वाढते आहे. माणसांनी न खाण्यानं एवढं काही सांगितलेलं मी पहिल्यांदा बघितलं. मला तव्याकडे वळावं लागलं. तव्यात काही नव्हतं.

आज परत तेच. लिॲननं विचारलं, आजी, अंडेवाल्याला काय सांगू. म्हटलं, आणू दे. मग ती म्हणाली, तिला तुला भेटायचंय. मी पाठवत नाही, तिचं तिनं ठरवलंय. वड्यांचा विषय मी बंद केला असला तरी बाकीच्या गोष्टींत ती माझं ऐकत नाही.

म्हणून हे पत्र आता टाकते. माफी मागत नाही. मागितली तर तुला ती द्यायची की नाही ह्याचा त्रास होईल, आणि तुला मी पुरेसा दिलाय. क्लिफला सांग, खिडकीजवळचं टेबल त्याचं आहे, शेजारी दुसरी खुर्ची ठेवली आहे. तू यायचंस की नाही ते तू बघ. आलीस तर मला बोल, किंवा बोलू नकोस, किंवा सगळ्यांपुढे बोल, मी उलथनं घेऊन जिथे असते तिथेच असेन. नाही आलीस तर त्याला तरी पाठव.

फक्त फार उशीर करू नका. हे अकराही जण हट्टी आहेत, चौघांची छाती खाणीनं खाल्ली आहे, आणि लेन ऐंशीला टेकलाय. मी त्यांना ओळखते. तुम्ही आला नाहीत तर ते तसेच मरतील, पण अंडं खाणार नाहीत.

तुझी थोरली, खोटारडी बहीण,
विनी